देश जिंकला, पण शेजारी राहिला

20 जानेवारी 2025 च्या रात्री ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने नोत्र दामला 34-23 असं हरवलं आणि अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. एवढ्या अवाढव्य देशात पहिला नंबर! आपल्याकडे असं काही घडलं असतं तर गुलालाची पोती आली असती, डीजे लागला असता, चौकाचौकात फ्लेक्स झळकले असते आणि त्या फ्लेक्सवर खेळाडूंपेक्षा आमदारांचे फोटो मोठे असते. विद्यापीठाच्या कोलंबस शहरातही आनंद झाला, नाही असं नाही. पण घास गोड लागावा आणि दाताखाली खडा यावा, तसं काहीसं झालं होतं. कारण त्याच मोसमात, 30 नोव्हेंबरला, हाच संघ स्वतःच्या मैदानावर मिशिगन विद्यापीठाकडून 13-10 असा हरला होता.

बरं, मिशिगन त्या वर्षी काही फार भारी नव्हतं. कोलंबसला आले तेव्हा सहा सामने जिंकलेले आणि पाच हरलेले. ओहायो स्टेटचा नंबर देशात दुसरा. सट्टेबाजांनी मिशिगनला जवळजवळ वीस गुणांनी खाली धरलेलं. तरी हरले! त्या संध्याकाळीच ‘प्रशिक्षकाला हाकला’ अशी ओरड सुरू झाली. प्रशिक्षक रायन डे हे सरकारी विद्यापीठाचे नोकर, पगार तेव्हा वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर, म्हणजे कुलगुरूंच्या कितीतरी पट. पुढच्या सात आठवड्यांत याच गृहस्थांनी टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोत्र दाम अशी एकापेक्षा एक बलाढ्य विद्यापीठं लोळवली आणि देश जिंकून दिला. तरी कोलंबसच्या कट्ट्यावर प्रश्न उरलाच: ते सगळं ठीक आहे हो, पण मिशिगनचं काय? तो सलग चौथा पराभव होता.

पुढच्या वर्षी नेमकं उलटं झालं. नोव्हेंबर 2025 मध्ये ओहायो स्टेटने मिशिगनला त्यांच्या घरी जाऊन 27-9 असं चोपलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मात्र हातचं गेलं. आता या दोन वर्षांपैकी बरं वर्ष कुठलं, हे ओहायोच्या माणसाला विचारून बघा. तो लगेच उत्तर देणार नाही. आधी इकडेतिकडे बघेल, मग घसा साफ करेल, मग म्हणेल, ‘तसं म्हटलं तर देशच मोठा...’ आणि वाक्य तिथेच सोडून देईल. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं सार त्या सोडून दिलेल्या वाक्यात आहे. देश जिंकणं ही महत्त्वाकांक्षा असते. शेजारी हरवणं ही गरज असते.

ओहायो आणि मिशिगन ही एकाला एक लागून असलेली राज्यं. ओहायो स्टेट विद्यापीठ कोलंबसला, मिशिगन विद्यापीठ ॲन आर्बरला. मध्ये अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि तेवीस नंबरचा महामार्ग दोन्ही गावांना स्पर्श करून जातो. दोन्ही विद्यापीठं सरकारी. आपल्याकडे दोन शेजारच्या सरकारी विद्यापीठांमध्ये स्पर्धा असते ती निकाल कोण जास्त उशिरा लावतं याची. तिकडे ती फुटबॉलची असते आणि पाहायला एक लाखाच्या वर माणसं येतात. मिशिगनच्या स्टेडियमची अधिकृत आसनक्षमता 1,07,601 आहे, ओहायोची 1,02,780. ॲन आर्बर गावाची सगळी लोकसंख्या सव्वा लाखाच्या जवळपास. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावात चोरी करायची झाली तर अडवायला कुणी नसावं. पण चोरही स्टेडियममध्येच असतो.

हा सामना हल्ली नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होतो, थँक्सगिव्हिंगनंतर दोन दिवसांनी, बहुधा दुपारी बारा वाजता. पहिला सामना 1897 सालचा. 1918 पासून दर वर्षी न चुकता होत आला, 2020 साली कोविडने मध्ये खोडा घातला तेवढाच. दोन महायुद्धांपैकी अख्खं दुसरं महायुद्ध या सामन्याला अडवू शकलं नाही, यावरून अमेरिकेत कशाला किती महत्त्व आहे ते समजावं.

टोलेडो हे शहर या दोन राज्यांच्या सीमेवर, ओहायोच्या बाजूला. माझी मावसबहीण तिथे राहते. तिने ॲन आर्बरला एमएस केलं, भावोजींनी कोलंबसला. पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले होते, पण हा मुद्दा कुणी पाहिलाच नव्हता. त्यांच्या दारावर अर्धा लाल-करडा आणि अर्धा निळा-पिवळा असा झेंडा लावलेला असतो. असे झेंडे दुकानात तयार मिळतात, म्हणजे अशी घरं किती असतील बघा. चिरंजीव दहा वर्षांचे आहेत आणि त्यांनी अजून पक्ष जाहीर केलेला नाही. दोन्ही बाजूंकडून त्यांना टी-शर्ट, टोप्या आणि आइस्क्रीम मिळत असल्यामुळे ते जाहीर करण्याची घाईही त्यांना दिसत नाही. पोरगा पुढे राजकारणात नाव काढणार.

एका वर्षी भावोजींच्या आई सांगलीहून आल्या होत्या. शनिवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर. भावोजींनी सकाळी उठून स्वतःच्या हाताने ‘बकाय’ नावाची मिठाई केली होती. बकाय हे ओहायोचं झाड, त्याची बी तपकिरी आणि वर एक फिकट गोल डाग. ती बी विषारी असते, म्हणून तिच्यासारखी दिसणारी मिठाई करतात: शेंगदाण्याच्या लोण्यात पिठीसाखर मळायची, गोळे वळायचे आणि वितळलेल्या चॉकलेटात असे बुडवायचे की वर रुपयाएवढा गोल उघडा राहिला पाहिजे. आजींनी एक उचलला, उलटासुलटा करून बघितला, खाल्ला आणि निकाल दिला, “दाण्याचा लाडूच आहे की रे. बुडवताना वरती राहिलाय तेवढा.” भावोजींचा चेहरा पडला. बहीण त्या शनिवारी त्या ताटलीला बोट लावत नाही. रविवारी सकाळी उरलेले सगळे तीच संपवते.

खेळ सुरू झाला. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही सरकलात तर चेंडू समोरच्याला. एका प्रयत्नाला पाच-सहा सेकंद लागतात. मग सगळे उठतात, झटकतात, घोळका करतात, प्रशिक्षक वहीत बघतात, पंच एकमेकांशी बोलतात, मध्ये जाहिराती होतात. घड्याळात साठ मिनिटांचा असलेला खेळ साडेतीन तास चालतो. आजींनी बराच वेळ सहन केलं. मग म्हणाल्या, “अरे, हे खेळायला कधी लागणार?”

“आई, चालू आहे.”

“हे चालू आहे होय? मला वाटलं कुणाला तरी लागलंय म्हणून थांबलेत.”

थोड्या वेळाने त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. “पण यांचं मुळात भांडण कशावरनं आहे?” भावोजींनी 1969 सालापासून सुरुवात केली. बहिणीने त्यांना थांबवून 1897 पासून सुरू केलं. आजींनी दोघांनाही हातानेच गप्प केलं. “ते राहू दे. शेजारी-शेजारी आहेत ना? मग बांधावरनं असणार.”

आणि गंमत म्हणजे, खरोखरच बांधावरनं आहे.

1787 साली अमेरिकेच्या काँग्रेसने वायव्येकडच्या प्रदेशासाठी कायदा केला. त्यातली सीमा होती मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकापासून सरळ पूर्वेला ओढलेली रेघ. कागदावर छान. पण त्या काळच्या नकाशात ते टोक होतं त्यापेक्षा बरंच उत्तरेला दाखवलेलं. ओहायो राज्य झालं ते हा चुकीचा नकाशा उशाशी घेऊन. खरी रेघ ओढली तर टोलेडो मिशिगनकडे जातं, नकाशाची ओढली तर ओहायोकडे राहतं. मधला पट्टा चारशे अडुसष्ट चौरस मैलांचा. मग मोजण्या झाल्या. एक मोजणी ज्या सरकारी अधिकाऱ्याने करवून घेतली तो ओहायोचा माजी गव्हर्नर होता. ती ओहायोच्या बाजूने निघाली. दुसरी मिशिगनच्या गव्हर्नरने करवून घेतली. ती मिशिगनच्या बाजूने निघाली. इथपर्यंत वाचून कुठल्याही मराठी शेतकऱ्याला हा तालुक्याच्या कचेरीतला किस्सा वाटेल. बांध कोरायची कला कुणी कुणाला शिकवावी लागत नाही.

1835 साली प्रकरण हातघाईवर आलं. मिशिगन तेव्हा राज्यही नव्हतं. त्याचा कारभार स्टीव्हन्स मेसन नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात होता. ओहायोचे गव्हर्नर रॉबर्ट लुकास. दोघांनी आपापली शिबंदी गोळा केली आणि चिखलातून एकमेकांना शोधत फिरले. इतिहासात याला ‘टोलेडो युद्ध’ म्हणतात. गोळ्या झाडल्या गेल्या त्या बहुतेक हवेत. अख्ख्या युद्धात रक्त सांडलं ते एकदाच. टोलेडोत बेंजामिन स्टिकनी नावाचे एक ओहायोवादी पुढारी होते. त्यांनी आपल्या मुलांची नावं ‘वन’ आणि ‘टू’ ठेवली होती. होय, एक आणि दोन. मिशिगनचे एक डेप्युटी शेरीफ स्टिकनींच्या घरच्यांना पकडायला आले, तेव्हा टूने त्यांना चाकूने भोसकलं. चाकू कसला, लेखणीला टोक करायचा. शेरीफ बरे झाले, टू ओहायोत पळून गेला. वनने काय केलं याबद्दल कुणी काही सांगत नाही. थोरल्या भावांची उपेक्षा सगळीकडे सारखीच.

याहून माझा आवडता प्रसंग सप्टेंबर 1835 चा. टोलेडोवर आपलाच अंमल आहे हे सिद्ध करायला ओहायोला तिथे एकदा तरी कोर्ट भरवणं भाग होतं. दिवसा भरवलं तर मिशिगनवाले धरणार. म्हणून न्यायाधीश मध्यरात्रीनंतर गुपचूप गावात शिरले, मेणबत्तीच्या उजेडात एका शाळेच्या खोलीत कोर्ट भरवलं, कामकाज आटोपलं, कारकुनाने नोंदी आपल्या उंच टोपीत खुपसल्या आणि मंडळी पसार झाली. मिशिगनची फौज आली अशी आवई उठली, पळताना झाडाच्या फांदीने कारकुनाची टोपी उडाली आणि सगळी न्यायसंस्था अंधारात चाचपडत टोपी शोधू लागली. टोपी सापडली. टोलेडो आज ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव लुकास.

शेवटी वॉशिंग्टनने तोड काढली. टोलेडो ओहायोला, त्या बदल्यात मिशिगनला राज्याचा दर्जा आणि वर उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा तुकडा. मिशिगनवाल्यांना हा तुकडा म्हणजे बर्फ आणि डास वाटला होता. डिसेंबर 1836 मध्ये कडाक्याच्या थंडीत त्यांनी नाइलाजाने हा तह मान्य केला, आणि तो कुठे मान्य केला? ॲन आर्बरमध्ये. पुढे त्या बर्फाखाली तांबं आणि लोखंड निघालं आणि मिशिगनची चांदी झाली. हद्दीची धुसफुस तरी थांबली नाहीच. 1915 मध्ये पुन्हा मोजणी करून दगड रोवले. सरोवरातली हद्द राहिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली निकालात काढली.

आता याच 1973 सालच्या नोव्हेंबरात काय झालं पाहा. दोन्ही संघ अजिंक्य. सामना 10-10 असा बरोबरीत सुटला. कोर्टाने बांध मिटवला आणि मैदानावर कुणालाच काही मिटवता आलं नाही. आता कॅलिफोर्नियाच्या रोझ बोल सामन्याला कुणाला पाठवायचं? त्यांच्या लीगमधल्या दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी टेलिफोनवरून मतदान केलं आणि ओहायो स्टेट सहा विरुद्ध चार मतांनी निवडून आलं. मिशिगनच्या मुख्य खेळाडूचं कॉलरबोन त्या सामन्यात मोडलं होतं, हे कारण सांगितलं गेलं. मिशिगनचे प्रशिक्षक बो शेंबेकलर हे दुःख शेवटपर्यंत विसरले नाहीत. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत एका मताने पडलेला उमेदवार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना त्यांची अवस्था सांगायला नको.

हे बो शेंबेकलर जन्माने ओहायोचे. ओहायोतच शिकले, ओहायोचे थोर प्रशिक्षक वुडी हेज यांच्या हाताखाली खेळले, त्यांच्याच हाताखाली ओहायो स्टेटमध्ये सहायक म्हणून राबले आणि 1969 साली उठून मिशिगनचे प्रशिक्षक झाले. ओहायोच्या भाषेत हा शुद्ध घरभेदीपणा. वुडी हेज तर मिशिगनचं नावही तोंडाने घेत नसत. ‘ते वरच्या राज्यातले लोक’ एवढंच म्हणत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत त्यामागे निदान आदर होता. अशी कथा सांगतात की एकदा मिशिगनमधून परतताना गाडीतलं पेट्रोल संपत आलं. सोबतच्या सहायकाने पंपावर थांबू या म्हटलं. वुडी म्हणाले, या राज्याला एक पैसा कर देणार नाही, वेळ आली तर गाडी ढकलत सीमेपलीकडे नेऊ. कथेत तिखटमीठ किती ते देव जाणे, पण ओहायोत ती खोटी आहे असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही.

1968 साली ओहायोने मिशिगनला 50-14 असं धुतलं. शेवटी शेवटी सामना केव्हाच खिशात असताना वुडींनी आणखी दोन गुणांसाठी प्रयत्न केला. का केला, असं विचारल्यावर म्हणाले म्हणे, तीन गुणांसाठी करता येत नाही म्हणून. पुढच्याच वर्षी बो मिशिगनला आले, सरावाच्या वेळी सगळीकडे 50 चा आकडा लावला आणि त्या वेळच्या अजिंक्य ओहायोला 24-12 असं पाडलं. तिथून दहा वर्षं गुरुशिष्यांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं. हिशेब: शिष्य पाच, गुरू चार, एक बरोबरी. 1978 च्या शेवटी एका दुसऱ्याच सामन्यात वुडींनी समोरच्या क्लेम्सन संघातल्या खेळाडूला टीव्हीवर ठोसा मारला आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. ज्या माणसाने आयुष्यभर मिशिगनचा द्वेष केला त्याचं करिअर क्लेम्सनच्या पोरामुळे संपावं, यासारखा अपमान नाही.

वुडी मुळात आलेही बर्फामुळे. 1950 साली कोलंबसला असं हिमवादळ झालं की मैदानावरच्या रेघाही दिसेनात. तरी पन्नास हजार माणसं बसली. चेंडू हातात ठेवला तर निसटणार, म्हणून दोन्ही संघ चेंडू हातात आला की लाथ मारून समोरच्याच्या गळ्यात टाकत होते. दोघांनी मिळून पंचेचाळीस वेळा हे केलं. मिशिगनने अख्ख्या सामन्यात एकदाही ते दहा यार्ड पार केले नाहीत, चेंडूची एक फेक कुणाच्या हातात पडली नाही, आणि सामना 9-3 असा जिंकला. काही न करता जिंकण्याची ही कला आपल्याकडे फक्त बिनविरोध निवडून येणाऱ्यांना साधते. ओहायोच्या प्रशिक्षकांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी वुडी आले.

सामन्याच्या आठवड्यात कोलंबसच्या विद्यापीठात आणखी एक विधी होतो. आवारातल्या इमारतींवर, पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी ‘एम’ असेल, तिथे लाल चिकटपट्टीने फुली मारतात. 2013 साली गव्हर्नर जॉन कॅसिच यांनी तर जाहीरनामाच काढला की राज्यातल्या लोकांनी त्या शनिवारी शक्यतो ‘एम’ वापरू नये. त्यांच्यानंतर 2019 साली गव्हर्नर झाले ते माइक डिवाइन. आता त्या शनिवारपुरतं त्यांना ‘आइक’ म्हणायचं की कसं, हा घटनात्मक पेच आहे.

सोन्याच्या चड्डीचं तर विचारूच नका. 1934 साली ओहायोचे प्रशिक्षक म्हणाले होते की मिशिगनवालेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून चड्डी घालतात, घाबरायचं काय? तेव्हापासून मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची चिमुकली चड्डी मिळते. नखाएवढं पदक, चड्डीच्या आकाराचं. 2010 साली उघड झालं की काही खेळाडूंनी आपल्या चड्ड्या आणि इतर चीजवस्तू एका गोंदवणाऱ्याला देऊन त्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतलं. आपल्याकडे सोनं मोडून कुणी गोंदवून घेत नाही, पण तो संस्कारांचा भाग झाला. नियमाने हौशी खेळाडूला असा फायदा घेता येत नव्हता. खेळाडू निलंबित झाले, प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना 2011 मध्ये जावं लागलं आणि 2010 च्या मोसमातले सगळे विजय दप्तरातून रद्द झाले. त्यात मिशिगनवरचा 37-7 हा विजयही गेला. पण नियम असा की विजय रद्द झाला तरी समोरच्याचा पराभव तसाच राहतो. म्हणजे त्या दिवशी मिशिगन हरलं, पण जिंकलं कुणीच नाही. अशा वेळी मात्र आपल्या महसूल खात्याच्या सातबाऱ्याची आठवण येते.

मिशिगनवाल्यांनी हे प्रकरण पुढे दहा-बारा वर्षं चघळलं. मग 2023 मध्ये त्यांच्या एका कर्मचाऱ्याचे उद्योग बाहेर आले. पुढे ज्यांच्याशी खेळायचं त्या संघांच्या सामन्यांची तिकिटं काढायची, आपली माणसं प्रेक्षकांत बसवायची आणि प्रशिक्षकांच्या खाणाखुणांचं चित्रीकरण करून त्यांचा अर्थ लावायचा, अशी चोख व्यवस्था. मुख्य प्रशिक्षक जिम हारबॉ तीन सामन्यांसाठी निलंबित झाले, त्यात ओहायोचा सामना होता. तरी मिशिगनने तो 30-24 असा जिंकला आणि पुढे देशही जिंकला. आता चघळायची पाळी ओहायोची. यांचे गेल्या तीन वर्षांचे विजय चोरीचे, असं म्हणत ओहायोने वर्ष काढलं. मग 2024 चा नोव्हेंबर आला, खुणांची चोरी बंद झालेली, हारबॉ गेलेले, मिशिगनचा संघ मोडका, आणि निकाल तुम्हाला पहिल्या परिच्छेदातच सांगितला.

त्या दिवशी जिंकल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला नेला. मग हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. काही दिवसांत ओहायोच्या एका आमदाराने विधेयक मांडलं की ओहायो स्टेडियमच्या मध्यावर सामन्याच्या दिवशी झेंडा रोवणं हा गंभीर फौजदारी गुन्हा ठरवावा. 1835 सालच्या लोकांनी खुंट्या रोवल्या म्हणून फौजा काढल्या होत्या; यांनी झेंडा रोवला म्हणून कायदा काढला. प्रगती आहे.

इतकं वैर म्हटल्यावर एकमेकांचं तोंड बघत नसतील असं वाटेल. पण नाही. दोन्ही विद्यापीठांची ग्रंथालयं एकमेकांच्या विद्यार्थ्यांना पुस्तकं पाठवतात. ओहायो स्टेटचा वाद्यवृंद मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ ही अक्षरं काढतो आणि ‘आय’वरचं टिंब द्यायला भोंग्याएवढं मोठं वाद्य घेतलेला एक वादक ऐटीत पुढे येतो, लाखभर लोक त्या टिंबासाठी उभे राहतात, ते ‘ओहायो’ मैदानावर आधी काढून दाखवलं होतं मिशिगनच्या वाद्यवृंदाने, 1932 साली. आणि सामन्याच्या आधीच्या आठवड्यांत दोन्हीकडे रक्तदान शिबिरं होतात. तीही स्पर्धा म्हणून: कुणाच्या बाटल्या जास्त? 1980 च्या दशकापासून हे चाललंय. मला तर वाटतं, ‘समाजासाठी रक्त द्या’ म्हटलं असतं तर निम्मी पोरं झोपून राहिली असती. ‘मिशिगन पुढे चाललंय’ म्हटल्यावर ती बाही वर करून रांगेत उभी राहतात. टोलेडोच्या युद्धात एका चाकूने सांडलं त्याच्या कितीतरी पट रक्त या वैराने आजवर रुग्णालयांत पोचवलं आहे.

17 नोव्हेंबर 2006 ला, सामन्याच्या आदल्या दिवशी, बो शेंबेकलर वारले. दुसऱ्या दिवशी कोलंबसला पहिल्या आणि दुसऱ्या नंबरचे संघ भिडणार होते. ज्या माणसाला वीस वर्षं शिव्या घातल्या त्याच्यासाठी ओहायोचं अख्खं स्टेडियम गप्प उभं राहिलं. मग सामना सुरू झाला आणि ओहायोने तो 42-39 असा जिंकला. त्याच संध्याकाळी ओहायोच्या सरकारी लॉटरीत चार आकड्यांची सोडत निघाली: 4-2-3-9. शिष्य वर पोचल्यावर गुरूने लगेच खोडी काढली, असं भावोजी म्हणतात. बहीण म्हणते, ओहायोची लॉटरी, ओहायोचा आकडा, चौकशी झाली पाहिजे.

आता कामाचं. अमेरिकेतल्या मराठी घरांत थँक्सगिव्हिंगला जोडून येणाऱ्या सुट्टीत मुंज, साखरपुडा, पन्नाशीचा समारंभ ठेवायची पद्धत आहे. ओहायो किंवा मिशिगनमध्ये असलं काही ठरवत असाल तर शुक्रवार धरा किंवा रविवार. शनिवारचाच मुहूर्त निघाला तर बटूच्या वडिलांना दुपारी बारा ते साडेतीन मोकळं सोडा, जेवणाच्या पानात दाण्याचे लाडू ठेवणार असाल तर चॉकलेटात बुडवू नका आणि गुरुजींना दक्षिणा ठरवताना ते शिकले कुठल्या विद्यापीठात, हे आधी विचारून घ्या.